विमानाचा ‘वास्तववाद’ म्हणावं का?

ओझरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: “मी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये छोटी विमानं उडवतो आणि मित्रांसाठी त्यांच्याबद्दल मराठीत टिपणं लिहितो. ‘या सेसनाचा वास्तववाद उत्तम आहे, पण आधुनिक अ‍ॅव्हिऑनिक्समुळे तो कमी होतो’ असं लिहिलं, तर वडील हसायला लागले. चुकलं काय? आणि अ‍ॅव्हिऑनिक्स, ग्लास कॉकपिट, स्टीम गेज यांना मराठीत काय म्हणावं?”

(विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं म्हणजे अ‍ॅव्हिऑनिक्स, सगळं पडद्यांवर दाखवणारं पॅनेल म्हणजे ग्लास कॉकपिट आणि जुन्या काट्यांच्या तबकड्या म्हणजे स्टीम गेज.) वडील हसले ते रास्तच. ‘वाद’ शेपटाला आला की शब्द एखाद्या भूमिकेचं नाव होतो: अद्वैतवाद, समाजवाद, वास्तववाद. कादंबरीकार वास्तववादी असतो, चित्रकार असतो. सेसना बिचारी कसली भूमिका घेणार? इंग्रजीत ‘रिअ‍ॅलिझम’ कलेतल्या भूमिकेलाही म्हणतात आणि नकलेतल्या खरेपणालाही. कोशात पहिला अर्थ दिसला की तोच उचलायचा, ही आपली जुनी खोड.

मग काय म्हणायचं? ‘हुबेहूब’ चटकन सुचतो. शब्द फारसी-उर्दूतल्या ‘हू-ब-हू’वरून आलेला, आणि त्यातला ‘हू’ म्हणजे अरबीतला ‘तो’. थोडक्यात, तोच तो. पण मराठीत हा शब्द दिसण्याला चिकटून बसलाय. ‘नाक हुबेहूब बापासारखं’ म्हणतो आपण. ‘हुबेहूब बापासारखा कष्टाळू’ कानाला खटकतं. कष्टाळूपणा चेहऱ्यावर नसतो, वागण्यात असतो. तुमच्या प्रश्नाची मेख नेमकी इथे आहे, आणि ती मला उमगली ती इंदिरानगरला भाच्याच्या खोलीत.

त्याच्याकडे अजून २००६ सालचा मायक्रोसॉफ्टचा एफएसएक्स हा सिम्युलेटर आहे. संगणकही साधारण त्याच वयाचा. “मामा, हे बघ,” म्हणून त्याने काट्यांची सेसना १७२ उघडली. तबकड्यांवरचे आकडे, काळ्या पत्र्याला मारलेले स्क्रू, सगळं जागच्या जागी. मुंबईहून नाशिकला यायला पाऊण तास लागला. (कसाऱ्याच्या घाटात अडकलो नाही, हा या प्रवासाचा सगळ्यात अवास्तव भाग.) गंगापूर धरण म्हणजे खाली एक निळा डाग. उतरण्याआधी मी सहज दिशेची तबकडी वरच्या होकायंत्राशी ताडून पाहिली. अंशाचाही फरक नाही!

फरक पडायला हवा होता. दिशेच्या तबकडीमागे भोवरा असतो, आपण अंगणात फिरवायचो तोच, फक्त हवेच्या झोताने फिरणारा. भोवरा आपला अक्ष सोडत नाही, पण खालची पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. अक्षांशाप्रमाणे त्यातला काही भाग तबकडीत चूक म्हणून उतरतो. ध्रुवावर पूर्ण १५, विषुववृत्तावर शून्य आणि आपल्या २० अक्षांशाला तासाला सुमारे ५ अंश. पाऊण तासात जवळजवळ ४ झाले, शिवाय बेअरिंगचं घर्षण वेगळंच. म्हणून खरा वैमानिक दर पंधरा मिनिटांनी, विमान सरळ आणि समतल असताना, तबकडी होकायंत्राशी जुळवून घेतो. वळणात जुळवत नाही, कारण तेव्हा होकायंत्रच खोटं बोलत असतं.

भाच्याने सेटिंग उघडलं. भोवऱ्याचं सरकणं चालू-बंद करायचा पर्याय होता आणि तो बंद होता. आणि तो ज्या पानावर होता, त्या पानाचं नावच ‘रिअ‍ॅलिझम’! पर्याय चालू करून पुन्हा उडालो. आता तबकडी हळूहळू बहकू लागली आणि भाचा मधूनमधून ‘डी’ची कळ दाबून तिला ताळ्यावर आणू लागला. चित्र आधी होतं तेच. वागणं मात्र बदललं.

म्हणून माझं उत्तर असं, की ‘रिअ‍ॅलिझम’ला एकच नाम शोधू नका. मराठीला इथे क्रियापदं मानवतात. दिसतं हुबेहूब, वागतं खऱ्यासारखं. किंवा दिसतं हुबेहूब, पण वागत नाही. इंग्रजीच्या एका शब्दात या दोन गोष्टी गुंडाळलेल्या असतात, मराठीत त्या सोडवून लिहाव्या लागतात आणि वाचणाऱ्याला जास्त कळतं. नामच हवं असेल तर ‘खरेपणा’ आहे की. ‘वास्तविकता’ कशाला? तो शब्द सरकारी पत्रकातून बाहेर पडला की दम लागतो त्याला.

आता तुमच्या वाक्याचा दुसरा भाग. आधुनिक यंत्रं असली की खरेपणा कमी, हे मला पटत नाही. सेसना १७२ पहिल्यांदा उडाली १९५५ साली आणि ती अजून बनते आहे. सत्तरच्या दशकातल्या विमानात मालकाने पुढे गार्मिन कंपनीचा जीएनएस ४३० हा जीपीएस बसवून घेतलेला असणं अगदी नेहमीचं, आणि तो डबा १९९८चा. जुन्या नाशकातल्या वाड्यात सागवानी खांबाला वायफायचा राउटर ठोकलेला असतो, म्हणून वाडा खोटा ठरत नाही. अशा यंत्रांना ‘मागाहून बसवलेली’ म्हणा. पण १९६५चं विमान म्हणून सांगायचं आणि आत गार्मिनच्याच जी१०००चे, म्हणजे काट्यांऐवजी असणारे, दोन मोठे पडदे दाखवायचे, हे मात्र चुकीचं. जी१००० आला २००४च्या सुमारास आणि १७२मध्ये तो कारखान्यातूनच बसून येतो. या चुकीला मराठी समीक्षेत तयार शब्द आहे: कालविपर्यास. तो बिनदिक्कत वापरा.

राहिले तुमचे तीन शब्द. शब्द घडवायला माझी हरकत नाही. ‘महापौर’, ‘दिनांक’ यांचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते सावरकर इथल्याच भगूरचे. पण अ‍ॅव्हिऑनिक्सच्या बाबतीत वाट निसरडी आहे. ‘वैमानिकी’ म्हणाल तर ते एरोनॉटिक्स झालं. ‘वैमानिक इलेक्ट्रॉनिकी’ म्हणाल तर मराठी वाचक ती वैमानिकाची समजणार, कारण संस्कृतातलं विशेषण आपल्याकडे पायलट होऊन बसलंय. मुळात अ‍ॅव्हिऑनिक्स हा एव्हिएशन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा सांधा. तो आहे तसाच देवनागरीत ठेवावा. ओझरला विमानांचा कारखाना साठ वर्षं उभा आहे, तिथल्या घरांना तो शब्द परका नाही. फक्त जपून वापरा. रेडिओ, रडारला विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपाँडर, जीपीएस, ऑटोपायलट हे अ‍ॅव्हिऑनिक्स. वेगाचा आणि उंचीचा जुना काटा हवेच्या दाबावर चालतो, त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. त्या तबकड्यांना ‘उपकरणं’ म्हणा.

स्टीम गेज हे थट्टेचं नाव, बॉयलरच्या तबकड्यांसारखी दिसतात म्हणून पडलेलं. ‘वाफमापक’ केलंत तर कुणीतरी वाफ शोधत बसेल. आपल्याकडे ‘काटा’ आहे, आणि काय शब्द आहे तो! पेट्रोलचा काटा खाली येतो, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत प्रेशरचा काटा चढतो, थरथरतो, अडकतो. तराजूचा काटा, घड्याळाचा काटा. ‘काट्यांचं पॅनेल’ म्हटलं की कुणाला विचारावं लागत नाही. ग्लास कॉकपिट म्हणजे अर्थात ‘पडद्यांचं पॅनेल’. काचेचं नको, काच तर जुन्या तबकड्यांवरही असते.

जाता जाता एक. तुम्ही ‘या सेसनाचा’ लिहिलंय. विमान ‘ते’, पण सेसना आकारान्त, आणि गाड्यांची सवय असलेल्या जिभेवर ती ‘ती’ होते. माझा भाचा ‘माझी सेसना’ म्हणतो, मीही म्हणतो. तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: “ही सेसना दिसते हुबेहूब, बरीचशी वागतेही खऱ्यासारखी, मागाहून बसवलेल्या जीपीएसची बटणं मात्र निम्मी नुसतीच रंगवलेली आहेत.” बटणांचं मी मनाने घातलंय. ती दाबून बघा आणि मग ठेवा किंवा काढा.