चिऱ्यांची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) खाण बुजवायला घेण्याआधी
गोव्यात पेडण्याच्या सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, खाण पाहायची तर मे महिन्यातच जा. जूनमध्ये पाणी भरलं की तळ दिसत नाही, आणि अशाच पडीक खाणींत पोरं बुडतात. म्हणून कुंपण पहिलं, बाकी नंतर. चिरे कापून भिंती सरळ उभ्या झालेल्या असतात. वरच्या कडेला भेग दिसली तर तिथं उभाही राहू नकोस. कडा उतरत्या करून घे, तुटके चिरे नि डबर तळात, माती सगळ्यांत वर. सड्यावर माती मुळातच पातळ. मालकानं ती राखलीय का, आधी विचार. (बऱ्याचदा कधीच उचलून नेलेली असते!) ऑस्ट्रेलियन बाभूळ भराभर वाढते म्हणून सगळे तीच लावतात. तू करंज, किंदळ अशी इथलीच झाडं लाव, पाऊस स्थिरावला की लगेच.