‘मॅडम, मुलीने मटण सोडलंय’

चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा उरकल्या की समुपदेशनासाठी माझ्याकडे एक ठरावीक चिंता घेऊन पालक येऊ लागतात. ‘मॅडम, मुलीने मटण सोडलंय. अंगात रक्त कसं राहणार?’ कधी मुलगी असते, कधी मुलगा. हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एका घराच्या हकिकतीतून सविस्तर द्यावे असे वाटले. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ईरा अकरा वर्षांची. घर पुण्यात, मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात. जत्रेआधीचे चार दिवस ती नवसाच्या बोकडाला पाला घालत होती. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य झाला, दुसऱ्या दिवशी खारा, म्हणजे त्याच बोकडाच्या मटणाचा, आणि त्या दुपारी ती भरल्या पंगतीतून उठून गेली. पुण्याला परतल्यावर तिने मांसाहार सोडलाच, शिवाय वडिलांना ‘तुम्ही मारेकरी आहात’ असे तोंडावर म्हणाली. आईने काळजीपोटी, कोणालाही न सांगता, मटणाच्या अळणी पाण्यात तिचा भात शिजवला. पहिल्या घासाला तिला वास आला. त्यानंतर ती आईच्या हातचे काहीच खाईना, तेव्हा ते माझ्याकडे आले.

आहाराची चिंता एका भेटीत मिटते. दूध, दही, अंडी, कडधान्ये, शेंगदाणे पोटात जात असतील तर वाढत्या मुलीचे मटणावाचून अडत नाही. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी अधिक लागते. ब-१२ जीवनसत्त्वाची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्त तपासून घ्यावे. अळणी पाण्याने जे बिघडवले ते दुरुस्त व्हायला मात्र अनेक आठवडे लागले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत माझी घडण झाली आहे. खंत आणि अपराधगंड यांतला फरक ओळखायला मी तिथेच शिकले. ‘हे व्हायला नको होतं’ ही खंत. ‘ज्याने हे केलं तो माणूसच वाईट’ हा निवाडा, आणि तोच स्वतःवर उलटला की अपराधगंड. ईराची खंत मला पुसायची नव्हती. ती तिच्या सुबुद्धपणाची खूण होती. निवाडा तेवढा सैल करायचा होता.

‘तुला सगळ्यात जास्त काय आठवतं?’ मी विचारले.

‘दुसरा बोकड समोरच बांधला होता. त्याला कळत असेल का?’

मी तिला सांगितले की प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आपल्याकडे आहे आणि त्याखाली २००१ साली कत्तलखान्यांसाठी जे नियम झाले, त्यांत एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरे कापू नये असे स्पष्ट म्हटले आहे. धर्माच्या रीतीने होणाऱ्या वधाला मूळ कायद्यात सूट आहे, हेही मी लपवले नाही. ती बराच वेळ टेबलाची कड नखाने खरवडत राहिली.

‘म्हणजे हे मोठ्या माणसांनाही सुचलं होतं,’ ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचा एकटेपणा थोडा कमी झाला.

पुढच्या एका भेटीत मी वडिलांनाही बसवले आणि दोघांना एकच अट घातली : कोण कसा आहे हे बोलायचे नाही, स्वतः काय पाहिले तेवढेच सांगायचे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते, कापण्याआधी बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडले की देवाने नैवेद्य मान्य केला असे समजतात.

‘त्याने अंग झाडलं आणि सगळे ओरडले, मान्य केलं म्हणून,’ ईरा म्हणाली. ‘पण पप्पा, त्याच्या कानात पाणी गेलं होतं. पोहून आले की मीही तशीच डोकं झाडते.’

वडील खाली पाहत होते. मग म्हणाले, ‘मला ठाऊक आहे. पाणी मीच टाकलं होतं. पहिल्यांदा तो हललाच नाही, म्हणून मी दुसऱ्यांदा टाकलं, कानावर.’

एवढ्या वर्षांत खोलीतली अशी शांतता मी फार थोड्या वेळा अनुभवली आहे. मी मध्ये बोलले नाही, आणि ते न बोलणे मला साधले याचे आजही समाधान वाटते. काही वेळाने मुलीने विचारले, ‘मग तुम्हाला वाईट वाटलं?’ ते म्हणाले, ‘वाटलं. दर वर्षी वाटतं. आणि मी खातोही.’

तोवर माझी समजूत अशी होती की मुलीला एक सत्य नव्याने कळले आहे आणि ते सोसायला तिला मदत हवी आहे. खरे तर ते सत्य त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. मोठ्या आवाजात प्रथम ती बोलली, एवढेच. वडिलांना काहीच वाटत नाही या समजुतीवर तिचा राग उभा होता आणि तो आधारच त्या दुपारी निघून गेला. मटण तिने पुन्हा सुरू केले नाही. तसे व्हावे असा माझा हेतूही नव्हता.

एक गोष्ट मला निक्षून सांगायची आहे. शाळेत एका मैत्रिणीने ईराला ‘बरं झालं, ते घाणेरडं सोडलंस’ असे म्हटले होते आणि ईरा सुखावली होती. इथे पालकांनी जागे असावे. बोकडाविषयीची करुणा वेगळी आणि माणसांचा विटाळ मानणे वेगळे; आपल्या समाजात ताटावरून जात जोखली जाते, त्यामुळे पहिलीच्या वेशात दुसरी सहज घरात शिरते. ‘तुला बोकडाचं वाईट वाटतं, की खाणाऱ्यांची किळस येते?’ एवढे विचारले तरी मुले नेमके उत्तर देतात.

आणि मुले विचारतील त्याचे खरे उत्तर द्यावे, विचारतील तेवढेच द्यावे. दुकानातली कोंबडी केवढ्या वयाची असते, असे एका मुलाने विचारले तेव्हा ‘म्हातारी झालेली’ असे वडिलांनी सांगितले होते. ब्रॉयलर पक्षी साधारण सहा आठवड्यांत विक्रीला जातो, हे त्याला पुढे कळले आणि वडिलांच्या इतर गोष्टीही तो पडताळून पाहू लागला.

ईराच्या घरी रविवारी अजूनही मटण शिजते. आई अळणीचे पातेले आता वेगळ्या शेगडीवर ठेवते, ईराचा भात आधी काढते आणि कशात काय आहे ते तिने विचारण्याआधी सांगते.