ऑनलाइन गेम करायचाय, इंजिन कुठलं घेऊ?

प्रश्न: मला पायथन बऱ्यापैकी येतं. एकट्याने खेळायचा एक छोटा गेम करून झालाय. आता चौघांना ऑनलाइन खेळता येईल असा रणगाड्यांचा गेम करायचा आहे, टूडी, वरून दिसणारा. ब्राउझरमध्ये चालला तर उत्तमच. गेम बनवायची तयार सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिनं, तीन दिसतायत: युनिटी, अनरियल की गोडो, यातच अडकून पडलोय. इंजिन चुकलं तर सगळी मेहनत वाया जाईल, ही धास्ती आहे.

उत्तर: गोडो घ्या. टूडी गेम, पायथनची सवय आणि ब्राउझर, हे तिन्ही एकत्र आल्यावर मला दुसरं नाव सुचत नाही. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा वाचायला पायथनच्या इतकी जवळ आहे की पहिल्याच दिवशी हात बसेल. एमआयटी परवाना असल्यामुळे उद्या गेम विकलात तरी इंजिनापोटी कुणाला काही द्यायचं नाही.

धास्ती मात्र मनातून काढून टाका. गेमच्या नेटवर्कचा कोड लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. इंजिनापायी रखडलेले ऑनलाइन गेम मला फारसे दिसत नाहीत. ते रखडतात ते ‘खरं काय घडलं’ हे कोणी ठरवायचं, याचा निर्णय सुरुवातीलाच न घेतल्यामुळे.

तुमचाच गेम घेऊ. मैदानाच्या मधोमध दारूगोळ्याची पेटी आहे आणि दोन रणगाडे दोन बाजूंनी तिच्यावर येतायत. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही आधी पोचलात, मैत्रिणीच्या स्क्रीनवर ती आधी पोचली. दोघांच्याही डोळ्यांना दिसलं ते बरोबरच आहे, कारण समोरच्याच्या हालचालीची खबर प्रत्येकाला उशिरा मिळते. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात ५० मिलिसेकंद गेले. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात तीन फ्रेम होऊन जातात. वाटेतल्या राउटरांचा वेळ आणखी वेगळा. कितीही भारी इंजिन आणलं तरी हा उशीर शून्यावर येत नाही.

मग पेटी कोणाची? ते सर्व्हर ठरवणार, फक्त सर्व्हर. खेळाडूच्या मशीनने ‘मी पेटी घेतली’ असं सांगायचंच नाही. ‘मी पुढे जायचं बटण दाबलंय’ एवढंच सांगायचं. रणगाडा किती सरकला, भिंतीला अडला का, पेटी कोणाला मिळाली, हे सर्व्हर मोजतो आणि चौघांना कळवतो. ही शिस्त पाळली की ‘माझ्याकडे हजार गोळे आहेत’ असं खोटंच कळवणाऱ्या लबाडाचीही सोय उरत नाही. गोडोमध्ये सर्व्हरचा क्रमांक कायम १ असतो. बटणाची खबर आरपीसीने (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन चालवायला लावणाऱ्या निरोपाने) त्या १ क्रमांकाला पाठवायची आणि पेटीचा निकाल लावणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘मी सर्व्हर आहे का’ हे तपासायचं. नसेल तर तिथूनच परत.

हे पहिल्या दिवसापासून करा. आधी एकट्याचा गेम पूर्ण करू आणि ऑनलाइन नंतर जोडू, या वाटेला कृपा करून जाऊ नका. एकट्याच्या गेममध्ये प्रत्येक ओळ आपल्या मनाने निर्णय घेत असते, आणि नंतर त्या एकेका ओळीतून तो अधिकार काढून घेणं म्हणजे गेम पुन्हा लिहिणंच. चित्रं, आवाज, स्फोट सगळं बाजूला ठेवा. दोन रंगीत चौकोन आणि एक पेटी पुरे. गोडोच्या एडिटरमधून एकाच वेळी गेमच्या दोन-तीन खिडक्या उघडता येतात. एक सर्व्हर करा, बाकीचे खेळाडू.

एकाच मशीनवर सगळं झकास चालेल. त्यावर विश्वास ठेवू नका. विंडोजवर क्लम्झी नावाचं मोफत साधन आहे, त्याने मुद्दाम उशीर आणि थोडी पॅकेट गळती (डेटाचे तुकडे वाटेत हरवणं) लावा आणि मग खेळून बघा. बटण दाबल्यावर चौकोन क्षणभर ढिम्म राहील. यावर उपाय असा, की आपला रणगाडा आपल्या मशीनने लगेच हलवायचा आणि सर्व्हरचं उत्तर आलं की हळूच दुरुस्त करायचा. याला प्रेडिक्शन म्हणतात. इतरांचे रणगाडे मात्र किंचित मागच्या वेळचे दाखवायचे, म्हणजे ते उड्या न मारता सरळ सरकतात. गोडोचा मल्टिप्लेअर सिंक्रोनायझर आकडे इकडून तिकडे पोचवतो, पण प्रेडिक्शन करून देत नाही. तेवढं काम तुमच्या अंगावर येणार. रणगाड्यांचा विषय निवडलात हे त्या दृष्टीने फार चांगलं झालं: जड वाहन मुळातच हळू वेग घेतं, गोळा दिसेल असा उडत जातो, त्यामुळे थोडा उशीर खेळाडूला खटकत नाही. हाच गेम कुस्तीचा किंवा तलवारबाजीचा असता तर मी तुम्हाला एवढ्या लवकर ऑनलाइनकडे जाऊ दिलं नसतं.

ब्राउझरसाठी एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. गोडोतली नेटवर्कची बहुतेक उदाहरणं ईनेट या लायब्ररीवर आहेत, आणि ईनेट यूडीपीवर, म्हणजे पोचल्याची खात्री न करता पॅकेट पाठवायच्या पद्धतीवर चालतं. ब्राउझर ते करू देत नाही. सुरुवातच वेबसॉकेटने, म्हणजे ब्राउझरला चालणाऱ्या कायम उघड्या जोडणीने करा. जोडणीच्या चार ओळी बदलतात, आरपीसी तसेच राहतात. वेबसॉकेट टीसीपीवर, म्हणजे सगळी पॅकेटं क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीवर असल्यामुळे एक पॅकेट हरवलं की मागची खोळंबतात, पण चार रणगाड्यांना ते चालून जाईल.

शिकताना धड्याची तारीखही बघत चला. गोडोची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि नेटवर्कचा भाग तिच्यात नव्याने मांडला गेला. एखाद्या धड्यात फंक्शनच्या आधी ‘रिमोट’ किंवा ‘पपेट’ लिहिलेलं दिसलं, की तो जुन्या गोडो ३ चा आहे, सोडून द्या. युनिटीतही युनेट नावाची जुनी पद्धत मोडीत निघाली, पण तिचे धडे अजून फिरतायत.

बाकी दोघांबद्दल थोडक्यात. युनिटी सी शार्पवर चालतं, शिकायचं साहित्य अमाप आहे, आणि पुढे नोकरीचा विचार असेल तर ते शिकणं नक्कीच कामी येईल. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेलं रनटाइम शुल्क वर्षभराने मागे घेतलं गेलं, पण अटी अशा बदलू शकतात हे मी ध्यानात ठेवते. अनरियलचं नेटवर्क मला मनापासून आवडतं. सर्व्हरच खरा, हा विचार त्याच्या मुळातच आहे, आणि थ्रीडी नेमबाजीचा गेम असता तर मी तेच सुचवलं असतं. पण अनरियल ५ मधून ब्राउझरसाठी थेट गेम काढता येत नाही आणि वेगळा सर्व्हर बनवायला आख्खं इंजिन सोर्स कोडपासून बांधावं लागतं. दोन चौकोन आणि एका पेटीसाठी एवढा खटाटोप नको.

प्रश्न: सर्व्हर वेगळा कशाला हवा? माझ्याच लॅपटॉपवर चालू ठेवला तर मित्र जोडले जाणार नाहीत का?

उत्तर: एकाच वायफायवर असाल तर लगेच जोडले जातील आणि चाचणीसाठी तसंच करा. बाहेरून येणाऱ्याला मात्र घरचा राउटर दारातच अडवतो. पोर्ट फॉरवर्डिंगने वाट करून देता येते, पण इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असेल तर तेही निरुपयोगी. शिवाय ब्राउझरमध्ये चालणारा गेम स्वतः सर्व्हर होऊच शकत नाही, त्याला बाहेर जोडायला कोणीतरी लागतंच. म्हणून भाड्याचं सगळ्यात छोटं लिनक्स मशीन घ्या, बहुतेक खेळाडूंना जवळ पडेल अशा ठिकाणचं. गोडो हेडलेस, म्हणजे स्क्रीनशिवाय चालवलं की चित्र काढायचा भार राहत नाही. गेमचं पान एचटीटीपीएसवर असेल तर वेबसॉकेटही सुरक्षित, म्हणजे डब्ल्यूएसएसच लागेल, नाहीतर ब्राउझर जोडणी नाकारेल. तेव्हा डोमेन आणि प्रमाणपत्राचं काम मित्रांना बोलवायच्या आधीच उरकून घ्या.