लोकलमध्ये विणायचं असेल तर

अगं, डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत रोज विणत जायचं ठरवलंस, छान. पण सुरुवातीला स्वेटरच्या दोन सुया नकोत. गर्दीत एखादा धक्का बसला की टाके सुटतात आणि शेजारणीच्या कोपराला सुई लागते ती वेगळीच. क्रोशा घे. एकच सुई, आणि हातात एका वेळी एकच टाका उघडा असतो; उतरायची वेळ आली की तो जरा मोठा ओढून ठेवायचा, बस्स.

साडेतीन किंवा चार मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीचा सुती धागा घे. काळा, गडद निळा नको, डब्यातल्या उजेडात टाके दिसत नाहीत. आधी साखळी, मुका खांब आणि खांब हे क्रोशाचे मूळ टाके तेवढे घरी पक्के कर. मग ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून सुरू करून भोवती विणत जायचा छोटा चौकोन. चौकोन हातात मावतो, मधेच थांबवता येतो, आणि बरेच झाले की घरी बसून जोडायचे. शाल लोकलमध्ये नेऊच नकोस! धाग्याचा गुंडा पिशवीतच राहू दे, खाली पडला तर कोणाच्या चपलेखालून कुठे जाईल सांगता येत नाही.

चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला चौथी म्हणून बसलीस तर मात्र विणू नकोस, तिथे अर्धं शरीर हवेतच असतं. जागा मिळावी म्हणून आधी कल्याणला उलटं जाऊन तिथून बसून यायचं असेल तर त्या टप्प्याचंही तिकीट किंवा पास हवा, बरं का. आणि खिडकी मिळालीच तर पावसाळ्यात धागा झाकून ठेव.