जुन्या ब्रँडकडे जरूर परत जा, पण आधी सही केलेला कागद वाचा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दुकानाचं शटर ओढताना वाचली आणि जेवण झाल्यावर पुन्हा काढून वाचली. आठ वर्षं एकाच कंपनीचे फोन वापरले, मागच्या दिवाळीत कॅमेऱ्यासाठी दुसऱ्या कंपनीचा घेतला, आता अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ आली आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं की फोन कुठेतरी दाबला गेलाय, वॉरंटीत बसत नाही. हा फोन येईल त्या किमतीत देऊन जुन्या ब्रँडकडे परत जावं का, असं तुम्ही विचारलंय.

जा. मी गेलो आणि समाधानी आहे. पण पोस्टच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहिलंय, "त्यांनी एका कागदावर सही घेतली, उद्या फोन करतो म्हणाले." त्या कागदावर काय लिहिलं होतं ते तुम्ही सांगितलं नाही. बहुतेक वाचलंही नसेल. मीही वाचलं नव्हतं, आणि माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं. म्हणून कोणता फोन घ्यावा हे मागाहून, आधी कागदाचं सांगतो.

नागपुरात नंदनवनला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात, मी प्रिंट काढतो. पैसे बहुतेक सगळे यूपीआयवर येतात. म्हणजे फोन बंद तर अर्धं दुकान बंद. 2013 साली गॅलॅक्सी ग्रँड घेतला तेव्हापासून मी सॅमसंगवाला. त्यानंतर जे सेव्हन, मग एम थर्टीवन. एम थर्टीवनची 6000 एमएएचची बॅटरी सकाळपासून रात्रीपर्यंत पुरायची. 2023 च्या दिवाळीत भाच्यानं एका दुसऱ्या कंपनीचा फोन दाखवला. चहा होईपर्यंत चार्ज होतो म्हणे, आणि खरंच व्हायचा. चोवीस हजार मोजले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याच कंपनीचे फोन ज्यांच्याकडे चांगले चालतात असे दोनजण माझ्या ओळखीत आहेत.

मे 2024 मध्ये फोन चार्जिंगला लावला की स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह यायचं, पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जर काढा. काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापाचे दिवस, लागला होता. 30 मेला नागपुरात 56 अंशांची नोंद झाल्याची बातमी फिरली होती तेच दिवस. तो सेन्सरचा बिघाड होता, हे हवामान खात्यानं नंतर सांगितलं. पण सेन्सर बाजूला ठेवला तरी आपल्याकडे 45 काही नवीन नाही. अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघंही फोन वापरण्यासाठी हवेचं तापमान 0 ते 35 अंश असावं असं सांगतात. एप्रिल ते जूनमध्ये आपले फोन रोजच त्याच्या वरच्या तापमानात चालतात. त्यामुळे गाडीच्या डिकीत फोन ठेवू नका आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. नागपूरकराला हे कोणी सांगायला नको, पण राहवत नाही.

तर मी सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन, दीड तास, मग काउंटर. मुलानं स्क्रीनवरचं चिन्ह पाहिलं आणि विचारलं, "पानी में गिरा था क्या?" मी म्हणालो, पाण्यात नाही पडला, पण दुकानात कूलर चालू असतो, काउंटरच्या बाजूलाच आहे, तुषार उडत असतील तर माहीत नाही. हे एक वाक्य मी मदत व्हावी म्हणून बोललो. डॉक्टरला जसं सगळं सांगतो ना, तसं. त्यानं मान हलवली, टाइप केलं, प्रिंट काढली आणि पेन दिला. मागे वीस माणसं उभी होती. मी सही केली.

रिमार्कच्या रकान्यात छापलं होतं की पाण्याशी संपर्क आला, ग्राहकाने मान्य केलं. हे मी तीन दिवसांनी वाचलं, जेव्हा फोन आला की मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेनऊ हजार, वॉरंटी लागू नाही. धावत गेलो. फोन उघडून पाहिला का म्हटलं तर उत्तर, तुम्हीच तर लिहून दिलंय. मॅनेजर भेटत नाहीत, मेल करा. मेल केला, तर तीन ओळींचं ठरावीक उत्तर आलं. पुन्हा गेलो तर काउंटरवर नवाच मुलगा, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. अशा माझ्या चार चकरा झाल्या आणि जून लागला. जून म्हणजे अ‍ॅडमिशन, उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, आमच्या वर्षाच्या कमाईचा महिना. मी बायकोच्या फोनवर दुकान चालवत होतो आणि मुलं जुन्याच नंबरवर फाइली पाठवत होती.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोनवरची बाई नीट बोलली, मराठीत बोलली, तक्रार कंपनीकडे पाठवली. आठेक दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं की सेवा नोंदीनुसार ग्राहकाने द्रवसंपर्क मान्य केला आहे. तक्रार बंद. हेल्पलाइनला दोष देत नाही. तिचं काम मध्यस्थीचं आहे, ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही. माझ्याच सहीचा कागद समोर ठेवला गेला, तर ती तरी काय करणार?

शेवटी फोन परत घेतला आणि सीताबर्डीला मोदी नंबर तीनमध्ये एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं माझ्यासमोर मागचं कव्हर काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, हे पाहा." आत छोटे पांढरे स्टिकर असतात, पाणी लागलं की लाल-गुलाबी होतात. सगळे पांढरेशुभ्र. चार्जिंग बोर्ड खराब होता, बस. साडेआठशे रुपये, अर्धा तास. तो फोन आजही घरी मुलगी ऑनलाइन क्लाससाठी वापरते.

म्हणजे साडेआठशेच्या बिघाडाला साडेनऊ हजारांचं एस्टिमेट दिलं होतं, आणि तेही फोन न उघडता. दोन वर्षं होत आली, अजून आठवलं की जीव जळतो. पैशापेक्षा याचं वाईट वाटतं की खरं बोललो तेच वाक्य माझ्याविरुद्ध वापरलं. आणि बाहेर उघडल्यामुळे वॉरंटीचा वादही तिथेच संपला, ग्राहक आयोगात जायला हातात काही उरलं नाही.

आता तुमचं. तुमचा फोन अजून बाहेर उघडलेला नाही, ही तुमची जमेची बाजू आहे. तुम्ही सही केलेल्या त्या कागदावर, म्हणजे जॉबशीटवर, "प्रेशर" किंवा "फिजिकल डॅमेज" हे सेंटरचं मत म्हणून लिहिलंय की तुमचं म्हणणं म्हणून, ते बघा. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या तोंडी घातलं असेल तर आजच मेल करा की मी असं म्हटलेलं नाही, अपडेटनंतर रेघ आली एवढंच सांगितलं. अपडेटची तारीख लिहा. नुकसान नेमकं कुठे आहे त्याचा फोटो मागा. फोन दाबला गेला असेल तर काचेवर, फ्रेमवर कुठेतरी खूण दिसायला हवी. आणि तुमचं मॉडेल एखाद्या मोफत स्क्रीन बदलीच्या योजनेत आहे का, हे स्पष्ट शब्दांत लेखी विचारा. हिरव्या रेघेच्या तक्रारी इतक्या झाल्या होत्या की काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेल्सना वॉरंटी संपल्यावरही स्क्रीन फुकट बदलून दिल्या. काउंटरवरून हे आपणहून कोणी सांगत नाही.

काउंटरवर फक्त लक्षण सांगायचं. कारण सांगायचं नाही, अंदाज सांगायचा नाही. "रेघ दिसते." "चार्ज होत नाही." मी खोटं बोलायला सांगत नाहीये. फोन खरंच पाण्यात पडला असेल तर पडला म्हणा. पण जे तुम्हाला माहीतच नाही त्याचे तर्क लढवू नका, कारण तुमचा तर्क तिथे कबुली होतो. घरून निघण्याआधी बिघाडाचा आणि फोनच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, म्हणजे ओरखडा तिथे गेल्यावर पडला की आधीचा हा वाद होत नाही.

मी वकील नाही, पण एवढं मला स्वतःला धावपळ केल्यावर कळलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की बंगळुरूला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वस्तूच्या किमतीपेक्षा मनस्ताप मोठा होतो असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. तरी कागद तुमच्या बाजूचा असेल तर नुसत्या नोटिशीनंही कंपन्या बोलायला लागतात, असं माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी पाहिलंय.

ब्रँडबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. रागाच्या आठवड्यात फोन विकू नका. रेघ असलेल्या स्क्रीनला एक्स्चेंजमध्ये काहीच मोल देत नाहीत. स्क्रीनचा निकाल लागू द्या, मग विका.

आणि जुना ब्रँड म्हणजे नक्की कोण, हे तपासा. माझ्या मोठ्या भावाला नोकिया म्हणजे 1100 आठवतो, टॉर्चवाला. पण नोकियानं फोनचा धंदा 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टला विकला, त्याच वर्षी चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा कारखाना बंद झाला, आणि नंतर आलेले नोकिया नावाचे स्मार्टफोन एचएमडी ही वेगळी कंपनी बनवत होती. मोटोरोलाचंही तसंच, 2012 मध्ये गूगलकडे गेली आणि 2014 मध्ये लेनोवोकडे. फोन वाईट असतात असं नाही म्हणत. पण आपला विश्वास जुन्या माणसांवर असतो आणि पाटीमागे माणसं बदललेली असतात.

मी परत सॅमसंगच का घेतला? एम थर्टीवनचा स्पीकर गेला होता तेव्हा सेंटरवाल्यानं माझी तक्रार लिहून मला मोठ्यानं वाचून दाखवली होती, बरोबर आहे का म्हणून. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. त्याची किंमत 2024 मध्ये कळली. त्याच ऑगस्टमध्ये एम थर्टीफाइव्ह घेतला, बेसिक मॉडेल. अँड्रॉइडचे चार अपग्रेड आणि पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट, म्हणजे 2029 पर्यंत काळजी नाही. हा माझा अनुभव आहे, प्रत्येक शहरातलं प्रत्येक सेंटर असंच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. म्हणून तुमच्या जुन्या ब्रँडचं नागपुरातलं सेंटर फोन घेण्याआधी एकदा बघून या. अर्धा तास बाकावर बसा, काउंटरवर लोकांशी कसं बोलतात ते ऐका. फोनचे रिव्ह्यू हजार सापडतात, पण या बाकावर बसून जे कळतं ते त्यात नसतं.

परत जाताना एक-दोन गोष्टींनी मला त्रास दिला त्या सांगतो. फोटो, कॉन्टॅक्ट वगैरे सॅमसंगच्या स्मार्ट स्विच अ‍ॅपनं आले, पण जुन्या फोनच्या लपवलेल्या अल्बममधले फोटो आले नाहीत. आधारकार्डांचे स्कॅन मी तिथेच ठेवले होते. ते आधी बाहेर काढा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी गूगल ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, 2024 पासून तो बॅकअप फुकटच्या 15 जीबीत मोजला जातो आणि बऱ्याच जणांचा अर्धवट अडकून असतो. दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडनं थेट चॅट पाठवता येतात, तेच करा. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप सुरू करायला सिम नव्या फोनमध्ये लागतं आणि पहिल्या दिवशी पाठवण्याची मर्यादा कमी असते, तेव्हा कुणाला भाडं-फी द्यायची असेल तर आदल्या दिवशी देऊन टाका. जुन्या फोनचा तो वेगवान चार्जर नव्यावर तेवढा वेगानं चालणार नाही, त्याचा हिशोब धरू नका.

आत्ता मात्र पहिलं काम तो कागद. घरी प्रत असेल तर नाव, नंबर आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) झाकून रिमार्कच्या रकान्याचा फोटो इथे टाका. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो, वाचून मेल कसा लिहायचा ते सांगतो. प्रत दिलीच नसेल तर उद्या सेंटर उघडताच जा आणि सही-शिक्क्याची प्रत मागा. सोबत घरचं कुणी असेल तर न्या, एकट्या माणसाला तिथे फार घाई करतात.