आफ्रिकन-कॅरिबियन साहित्यात पीएच.डी. करायची असेल, तर आधी कोणती थिअरी वाचावी?

तुम्ही इंग्रजीत एम.ए. केलंय आणि घरचे म्हणतात या विषयाला भवितव्य नाही, असं लिहिलंय. मी हाच विषय शिकवतो आणि मला वाटतं, जरूर करा. थिअरी वाचावी लागेलच, पण या क्षेत्रात माणूस टिकतो तो कागदपत्रं आणि भाषांच्या जोरावर.

जाँ-क्रिस्तोफ क्लुतिए यांचंच बघा. २००९ साली कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करताना ते तिथल्या ग्रंथालयात सॅम्युएल रॉथ या प्रकाशकाची कागदपत्रं लावत होते. त्यात एक टंकलिखित कादंबरी निघाली, क्लॉड मके यांची. जमैकात जन्मलेले, न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती हार्लेम, फ्रान्समधलं मार्सेय, मोरोक्कोतलं टँजियर असे फिरलेले लेखक मके १९४८ साली वारले होते आणि ही कादंबरी अभ्यासकांना ठाऊकच नव्हती. ती त्यांचीच हे सिद्ध कसं करायचं? क्लुतिए आणि त्यांचे मार्गदर्शक ब्रेंट हेज एडवर्ड्स यांनी मकेंचा जुना पत्रव्यवहार पिंजून काढला. मॅक्स ईस्टमन या मित्राच्या पत्रात कादंबरीतली वाक्यं सापडली, तेव्हा शंका फिटली. पुस्तक छापून आलं २०१७ साली. मला या कामाचं मोल त्या मधल्या वर्षांत दिसतं.

एडवर्ड्स यांचा स्वतःचा अभ्यास दोन महायुद्धांच्या मधल्या हार्लेम-पॅरिस देवाणघेवाणीचा. तेव्हा मार्तिनिक या फ्रेंच कॅरिबियन बेटावरच्या पॉलेत नार्दाल पॅरिसहून फ्रेंच-इंग्रजी अशा दोन भाषांत मासिक काढत होत्या. त्यामुळे नुसत्या इंग्रजीवर भागत नाही. आजपासून फ्रेंचच्या वर्गाला जा.

मराठी मात्र तुमच्याकडे आहे, आणि तिचं वजन कमी समजू नका. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीय अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संग्रहात आहेत आणि घरबसल्या ऑनलाइन वाचता येतात. पुढे म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय साहित्याबद्दल मराठीत लिहिलं, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. परदेशातल्या अभ्यासकाला हे सगळं मुळातून वाचायला आधी मराठी शिकावी लागते.

प्रस्ताव लिहिताना 'कॅरिबियन कादंबरीतील अस्मिता' असला अवाढव्य विषय घेऊ नका. एखादं मासिक, एखादा पत्रव्यवहार धरा, आणि त्याचे कागद कुठे आहेत ते गाइडकडे जाण्याआधीच शोधून ठेवा. नेट, सेटची तयारी सोबत चालू द्या. घरच्यांची काळजी पगाराची आहे आणि ती रास्त आहे.