मुलीचं खातं पुसलंत, आता २६ दिवस उरलेत

तुमचं पत्र १६ जुलैला हाती आलं. गेल्या काही महिन्यांत अशी इतकी पत्रं आली आहेत की नावं झाकली तर कुठलं कुणाचं हे ओळखू येणार नाही. चौदा वर्षांची मुलगी, घरातला जुना फोन, खोटं जन्मसाल टाकून सोशल मीडियावर गुपचूप उघडलेलं खातं. कुणीतरी तिचे फोटो उचलून तिच्याच नावाने दुसरं खातं काढलं, त्यावरून वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज गेले, आणि तिला धमकी आली की आणखी फोटो दे, नाहीतर हे सगळीकडे पाठवीन. मैत्रिणींनी रिपोर्ट केल्यावर १२ फेब्रुवारीला कंपनीने ते बनावट खातं काढून टाकलं. १५ फेब्रुवारीला तुम्ही संतापाच्या भरात मुलीचं खरं खातंही कायमचं बंद केलंत, फोन फॅक्टरी रिसेट केलात आणि ‘परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हणून विषय मिटवलात. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तेच फोटो पुन्हा फिरायला लागले. आता तुम्ही विचारता की अल्पवयीन मुलांना या साइट्सवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे का नाही, कंपनीवर केस करता येईल का, आणि ‘तक्रारीला तीन वर्षांची मुदत असते असं कळलं, ते बरोबर ना?’

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

तीन वर्षांचं तुम्हाला कुणी सांगितलं ते चूक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम ५१४ प्रमाणे, एक ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मुदत आहे. पण ही मुदत खटल्याची आहे, पुराव्याची नाही. पुरावा कंपनीकडे आहे, आणि तो कंपनीने किती दिवस जपायचा हे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम ३ सांगतो. तक्रारीवरून काढलेला मजकूर आणि त्याच्याशी जोडलेल्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपायच्या. कुणी खातं बंद केलं, तर नोंदणीच्या वेळी घेतलेली त्याची माहितीही बंद केल्यापासून १८० दिवस ठेवायची. काढलेला मजकूर त्याहून जास्त काळ हवा असेल, तर न्यायालयाने किंवा अधिकार असलेल्या तपास यंत्रणेने तसं कळवायला हवं. तुम्ही किंवा मी कळवून ती मुदत वाढत नाही.

आता कॅलेंडर काढा. १२ फेब्रुवारीपासून १८० दिवस ११ ऑगस्टला भरतात. तुमच्या मुलीच्या खात्याचे १४ ऑगस्टला. पत्र माझ्यापर्यंत आलं त्या दिवशी १५४ दिवस गेलेले होते. उरले २६.

त्या नोंदींत काय असतं, तर बनावट खातं कोणत्या मोबाइल नंबरावर किंवा ईमेलवर उघडलं, कधी कधी लॉगिन झालं, कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या कोणत्या क्रमांकावरून. तो पत्ता मिळाला तर त्या वेळी तो कुणाच्या कनेक्शनला दिलेला होता हे पोलीस इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारतात, आणि दूरसंचार कंपन्यांना अशा नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. म्हणजे साखळीची दुसरी कडी अजून बरीच टिकेल. पहिलीच कडी ऑगस्टमध्ये गळून पडू शकते. ११ ऑगस्ट उजाडला की कंपनी त्याच दिवशी सगळं पुसून टाकेल असं मी म्हणत नाही. काही नोंदी पुढेही राहत असतील. पण त्यानंतर या नियमाचा आधार आपल्या हातात राहत नाही. तीन वर्षांच्या भरवशावर दिवाळीनंतर पोलीस ठाण्यात गेला असतात, तर मुदतीत असलेली, पण आरोपी नसलेली फिर्याद घेऊन बसला असतात.

हे मी थोडं कठोरपणे लिहिते आहे, कारण पालक हेच पुन्हा पुन्हा करतात. मुलीचं खातं बंद करणं म्हणजे घरातली घाण बाहेर टाकणं असं वाटतं. खरं तर धमक्या तिच्याच इनबॉक्समध्ये होत्या. आपल्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलात, आणि धमकावणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही.

तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. फोटो नीट दिसावा म्हणून वरची पट्टी कापलेली आहे. तारीख नाही, वेळ नाही, खात्याचा पत्ता नाही. दिसतं ते फक्त मुलीचं नाव आणि तिचा फोटो, म्हणजे ज्या दोन गोष्टी आपल्याला आधीच माहीत होत्या. प्रोफाइलवरचं नाव कुणीही कितीही वेळा बदलू शकतं. पोलिसांना हवा असतो खात्याचा पूर्ण पत्ता. तो मैत्रिणींपैकी कुणाच्या तरी फोनवर असेल, आणि आता तिथेच शोधायचा आहे. रिपोर्ट केल्यावर कंपनीकडून आलेली सूचना, जुनी लिंक, मेसेजचं चॅट. खातं काढल्यामुळे नावाच्या जागी नुसतं ‘युजर’ दिसत असेल, तरी मेसेज आणि त्यांच्या वेळा राहिलेल्या असू शकतात. त्या मुलींच्या आईवडिलांशी आजच बोला आणि कुणी काही पुसू नये एवढं सांगा.

ते मेसेज तुमच्या फोनवर फॉरवर्ड करून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या निवडणुकीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर ती कुठून, कशी घेतली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आलं तर गोष्ट वेगळी. आता तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणून मैत्रिणीचा फोन हाच पुरावा समजा आणि पोलिसांना त्याचा पंचनामा करू द्या. तुमचा रिसेट केलेला फोन सध्या धाकट्याकडे खेळायला आहे असं लिहिलंय. तो काढून घ्या, बंद करून कपाटात ठेवा. त्यातून काही परत मिळेल का, हे प्रयोगशाळा सांगेल. मी आशा दाखवणार नाही. आणि फिरणाऱ्या फोटोंत आक्षेपार्ह काही असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना पाठवू नका. लहान मुलांचं असं साहित्य नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ठामपणे सांगितलंय.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांच्या विभागात करा. तिथे नाव न देता तक्रार करण्याची सोय आहे. ती वापरू नका, कारण मग पोलीस तुमच्यापर्यंत येऊ शकत नाहीत. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर वेळ घालवू नका. पोर्टलचा पोच क्रमांक घेऊन त्याच दिवशी ठाण्यात जा आणि लेखी अर्ज द्या. अर्ज एक पानाचा पुरे. मुलीचं सगळं चरित्र, शाळेतली प्रगती, कुणावर संशय आहे, हे त्यात नको. दोन्ही खात्यांचे पत्ते, १२ आणि १५ फेब्रुवारी या तारखा, आणि एक वाक्य ठळक हवं: नियम ३ प्रमाणे १८० दिवसांची मुदत ११ ऑगस्ट रोजी संपत असल्याने, या नोंदी पुढील आदेशापर्यंत जपून ठेवण्याबाबत कंपनीला तात्काळ लेखी कळवावे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली त्या मागवाव्यात. प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही तोच मजकूर ईमेल करा. त्याने मुदत वाढत नाही, पण कंपनीला माहीत होतं एवढं तरी कागदावर राहतं.

‘साहेब नाहीत, नंतर या’ असं ऐकायला मिळेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे खरं. पण ते तपासाचं झालं, फिर्याद नोंदवण्याचं नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयात ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच ठरलंय. नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा, पण दोन दिवसांत, दोन आठवड्यांनी नाही.

कोणती कलमं लागतील हे मेसेजच्या शब्दांवर ठरेल. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं तोतयागिरीचं कलम ६६ड लागेल असं दिसतं. फोटो मागण्याचा हेतू लैंगिक होता असं शब्दांतून निघालं तर पॉक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, कलम ११ येतं, आणि तसं असेल तर तक्रार करणं ही तुमच्या मर्जीची बाब उरत नाही. त्या कायद्याच्या कलम १९ ने ते बंधन घातलंय. पॉक्सोचा खटला दखल घेतल्यापासून ‘शक्यतो’ एका वर्षात संपवावा असं कलम ३५ म्हणतं. त्या ‘शक्यतो’च्या आधाराने तारखांवर तारखा पडताना मी पाहिल्या आहेत, फिर्याद दिली तेव्हा शाळेत असलेली मुलगी साक्षीला कॉलेजातून आलेली पाहिली आहे, आणि मला त्याचा संताप आहे. म्हणूनच जे आपल्या हातात आहे त्यात एक दिवसही दवडू नका.

कंपनीवर केस? आज तरी मी त्यात पैसे घालायला सांगणार नाही. मध्यस्थांना, म्हणजे अशा साइट्स चालवणाऱ्या कंपन्यांना, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे, रिपोर्टनंतर त्यांनी खातं काढलेलंही आहे. रिपोर्ट आणि काढणं यात किती दिवस गेले हे कळलं तर मत बदलू शकतं.

आणि बंदीचा कायदा. ऑस्ट्रेलियाने केला, १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्यांना खातं ठेवता येत नाही, आणि कंपनीने पुरेशी पावलं उचलली नाहीत तर दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना दंड नाही. मला त्यातलं हेच पटतं, की जबाबदारी दार बांधणाऱ्यावर टाकली, दारातून आत गेलेल्या मुलावर नाही. आपल्याकडे तेरा वर्षांखालच्यांवर बंदी घाला अशी याचिका एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. हा धोरणाचा विषय आहे, संसदेकडे जा, असं सांगून न्यायालयाने ती ऐकली नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात बंदी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत एवढंच आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या तरतुदींना अठरा महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. दंड दोनशे कोटींपर्यंत आहे, तो सरकारच्या तिजोरीत जमा होईल. तुमच्या मुलीला त्यातला रुपयाही मिळणार नाही.

कायद्याने मर्यादा घालावी का, तर माझं मत हो असं आहे. पण नुसत्या वयाच्या आकड्याने काम होईल यावर माझा विश्वास नाही. तेरा हा आकडा सगळीकडे दिसतो तो अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यामुळे, आणि तो कायदा मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल आहे. त्या वयात मूल काय सोसू शकतं याचा त्यात विचार नव्हता. तुमच्या मुलीने जन्मसालाचं चक्र बोटाने खाली ओढलं आणि २००१ वर थांबली. कुणी विचारलं नाही. उद्या पालकांची संमती मागितली, तर ती ज्या फोनवर येईल तो तुमच्याच नावावर होता आणि तिच्याच हातात होता. कडक पडताळणी करायची तर प्रत्येक मुलाची ओळखपत्रं याच कंपन्यांकडे जाणार, आणि त्याची मला भीती वाटते. त्यापेक्षा अनोळखी माणसाला मुलाच्या इनबॉक्समध्ये शिरताच येऊ नये, मुलाचं खातं आपोआप खाजगी असावं, फोटो उचलून उघडलेलं खातं तासाभरात बंद व्हावं, ही सक्ती आधी हवी. संसद यातलं काय करेल, कधी करेल, मला सांगता येणार नाही. ११ ऑगस्टपर्यंत तर काही होणार नाही.

तुम्ही एका ओळीत लिहून गेलात ते मात्र महत्त्वाचं आहे: ‘वय खोटं टाकलं म्हणून तिच्यावरच गुन्हा होईल या भीतीने गप्प राहिलो.’ ही भीती काढून टाका. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो हे १९०३ पासून ठरलेलं आहे. ‘मला मान्य आहे’वर तिने दाबलेलं बोट तिला बांधत नाही. गुन्हा तिच्यावर झालाय. तिचं वय म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं आणि जन्मदाखल्यावरचं वय, प्रोफाइलवरचं नव्हे. आरोपी पुढे म्हणेल की मला ती मोठी वाटली. तो वाद तेव्हा बघू. दोन्ही दाखले अर्जासोबत न्या. पॉक्सो लागला तर तिचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तिला ठाण्यात ओढून नेऊ नका.

हे सगळं बोलणं चाललं की ती दारामागे उभी राहून ऐकते, असं तुम्ही लिहिलंय. तिला समोर बसवा आणि अर्जाचा मसुदा तिला वाचून दाखवा. कोणत्या दिवशी काय मेसेज आला, खात्याच्या पत्त्यात शेवटी कोणते आकडे होते, हे तुमच्यापेक्षा तिला जास्त नीट आठवत असेल.